तीन बादल्या कपडे

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. मला विकत घ्यायला कोणी धावत येऊ नका. माझ्यावरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत, एका बटणाचा कोपरा उडाला आहे आणि माझी वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळून ठेवली आहे. मी कशालाही जोडलेला नाही. तरीही दुपारी घर रिकामं झालं की कोणीतरी माझ्यावर टाइप करतं. ते का, हे सांगण्यासाठी ही कहाणी. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. माझी असंख्य भावंडं त्याच पट्ट्यावरून घसरत आली आणि खोक्यात पडली. खरं आयुष्य सुरू झालं ते एका छोट्या छापखान्यात. तिथे पावतीपुस्तकं, व्हिजिटिंग कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असलं काम चालायचं. शाईचा वास, यंत्राची धडधड, कागदाच्या कातरणांचा ढीग आणि खिडकीशी मी. माझ्यावर बसायची ती ताई. तिला सगळा छापखाना ताईच म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो.

काय बोटं होती तिची! बटणांकडे ती कधी बघायची नाही. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याचं पत्रक पुरं करायची. मालक लोकांना मुद्दाम थांबवून सांगायचे, "आमच्या ताईंची बोटं चालू झाली की लाह्या फुटतात. ऐका जरा." लोक ऐकायचे. मला वाटायचं, कौतुक माझंच चाललंय. अंगावर मूठभर मांस चढायचं म्हणतात ना, तसं माझ्या प्लास्टिकवर चढायचं.

मग तिच्या सांध्यांनी दगा दिला. माणसांच्या आधी ते मला कळलं. तिची करंगळी सरळ पडेनाशी झाली, आडवी पडू लागली. सकाळी बोटं मुठीतच अडकलेली असायची. ती गरम पाण्यात बुडवून एकेक सोडवून यायची आणि तरी पहिला तास चुकांचा जायचा. एकदा दातांच्या डॉक्टरच्या कार्डावर फोनचा एक आकडा चुकला आणि गावभरचे दाढदुखीवाले एका पाववाल्याला फोन करू लागले. पाववाला भांडायला आला. सगळे हसले, ताईही हसली, पण त्या दिवसानंतर तिनं स्वतःच काम सोडलं. मालकांनी मला तिच्या पिशवीत घातलं. म्हणाले, "ह्याची अक्षरं पुसली आहेत, दुसऱ्या कोणाला तो चालवता यायचा नाही. तुम्हीच न्या."

अशा रीतीनं मी तिच्या धाकट्या भावाच्या घरी आलो. ताईनं लग्न केलेलं नव्हतं, ती त्याच्याकडेच राहायची. भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर दिवसभर उभी असते. ताई तिला वहिनी म्हणते, मीही तेच म्हणतो. बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी एक जुना कॉम्प्युटर होता, त्याला मला जोडलं. मोबाइलवरची बारीक अक्षरं ताईच्या बोटांना सापडत नसत. माझी बटणं तिच्याच हातांनी मऊ झालेली होती, नुसतं बोट टेकवलं तरी चालायचं.

दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी तिला सांधे धरलेल्या माणसांच्या एका ऑनलाइन मंडळाचा पत्ता दिला. तिथे औषधांबद्दल विचारायची जागा वेगळी होती, रडायची वेगळी आणि एक होता कट्टा. कट्ट्याचा नियम एकच. दुखणं चपलेसारखं बाहेर काढून यायचं. कोणी चुकून 'दुखतंय' असं लिहिलं की दंड म्हणून त्यानं एक विनोद सांगायचा. आणि रोज सकाळी प्रत्येकानं एक थाप मारायची, आदल्या दिवशीच्या पराक्रमाची. थाप अशी हवी की आपल्या गुडघ्यांनाही लाज वाटली पाहिजे.

एक निवृत्त पोस्टमन होते, ते लिहायचे, "काल सायकल खांद्यावर घेऊन टेकडी चढलो. मागे लागलेला कुत्रा दमला, शेवटी त्यालाही घेतलं." गणिताच्या एक बाई होत्या. त्या लिहायच्या, "मी काल बरणीचं घट्ट झाकण एका झटक्यात उघडलं. झाकण अजून सापडलेलं नाही." लगेच पोस्टमन उत्तर द्यायचे, "आमच्याकडे आलंय. पत्ता अर्धवट होता, म्हणून उशीर झाला."

ताई तोंडावर हात दाबून हसायची. मी तिच्या मांडीवर असायचो, ती हसली की मीही हलायचो. छापखान्यातल्या गोष्टी तिनं सांगितल्या तेव्हा मंडळींनी तिचं नाव टकटकताई ठेवलं. बिचाऱ्यांना काय ठाऊक, त्यांच्या टकटकताईला एक ओळ लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पूर्वी तिची अर्धी प्रश्नपत्रिका व्हायची! बोटं अगदीच हट्टाला पेटली तर ती पेन्सिल उलटी धरून रबराच्या टोकानं माझी बटणं दाबायची. मध्येच "आज फार" एवढं लिहायची, थांबायची आणि खोडून टाकायची. माझं खोडायचं बटण सगळ्यांत जास्त झिजलं ते तेव्हा. पण पडद्यावर ओळ नीटनेटकी उमटायची. तिच्यामागचा घाम पडद्यावर उमटत नाही, मित्रांनो.

आता वहिनीबद्दल. ती वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा कहाण्यांत तुम्हाला लगेच एक खाष्ट बाई हवी असते. ती संध्याकाळी यायची तेव्हा तिचे पाय सुजलेले असत. स्वयंपाक तिचा, भांडी तिची, ताईची वेणीही तिचीच. त्यात घरातलं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. भावाला जगाच्या लिफ्ट वर चढवता येतात, पण घरच्या मशीनकडे बघायला वेळ नव्हता. दिव्याखाली अंधार तो असा. वहिनी पहाटे कपडे भिजवायची, पिळायला तिला संध्याकाळ उजाडायची.

त्या दिवशी ताईची थाप फक्कड जमली होती. तिनं लिहिलं होतं, "काल मी तीन बादल्या कपडे पिळले. इतके पिळले की निळ्या शर्टाचा पांढरा झाला आणि पांढरा शर्ट हात जोडून माफी मागायला लागला." पोस्टमनांनी विचारलं होतं, "आमचेही पाठवू का?" बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. दिवसभर त्यावर टवाळी चालली होती आणि ताई ती पुन्हा पुन्हा वाचत हसत होती. दार उघडून वहिनी आत आली, ती मागे उभी राहिली, हे तिला कळलंच नाही.

वहिनीनं ती ओळ वाचली. खालचे हसरे चेहरेही पाहिले. मग ती अगदी हळू बोलली.

"कपडे सकाळपासून तसेच भिजत आहेत, ताई."

"अगं, तो आमचा खेळ आहे," ताई म्हणाली. "थापा मारायच्या असतात."

"असेल. मला खेळायला वेळ नसतो." वहिनीनं पर्स खुर्चीवर ठेवली. "जगाला हसवायला बोटं चालतात तुमची. कपडे पिळायला नेमकी दुखतात."

ती न्हाणीघरात गेली आणि तिनं नळ सोडला. ताईचे दोन्ही हात माझ्यावर तसेच राहिले. तिच्या बोटांचे खरे हाल ह्या घरात मला एकट्यालाच ठाऊक होते. कोणतं बोट किती वाकतं, कुठल्या बटणाशी ती ओठ चावते, सगळं. पण साक्षीदाराला तोंड लागतं आणि मला नुसती बटणं. असला साक्षीदार काय चुलीत घालायचा?

जेवताना भाऊ ताटाकडे बघत म्हणाला, "ताई, जमेल तेवढं करत जा थोडंसं. हिचीही कंबर जाते."

"करीन की," ताई म्हणाली.

"तुला बरं वाटतंय म्हणून म्हटलं. हल्ली हसतेस ना."

दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर ताईनं कपडे पिळले. मला न्हाणीघरातला आवाज ऐकू येत होता. पाणी पडायचं, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा पाणी. भावाच्या कामाच्या जाड, तेलकट पँटीसुद्धा तिनं सोडल्या नाहीत. संध्याकाळी वहिनी दोरीकडे बघून एवढंच म्हणाली, "बघा, जमलं की नाही?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं.

सकाळी ताई माझ्यापाशी आली तेव्हा तिचा उजवा हात मांडीवर पडलेला होता, एखाद्याची वस्तू सांभाळायला घ्यावी तसा. डाव्या हातात पेन्सिल होती. तिनं एकेक बटण दाबत कट्ट्यावर लिहिलं, "काल खरंच कपडे पिळले. हात उघडत नाही."

पोस्टमन म्हणाले, "थाप शिळी आहे. दंड भरा."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "टकटकताई, हे उत्तर परवाच्या पानावरून उतरवलेलं दिसतंय. शून्य गुण."

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ताईनं "नाही हो, खर" एवढं लिहिलं. मग पेन्सिल खोडायच्या बटणावर आली आणि ते सगळं गेलं. त्या जागी तिनं लिहिलं, "पकडलंत मला." लोक आणखी हसले. त्यांना तरी काय बोल लावायचा? त्यांचेही हात तसलेच, एवढी एक जागा त्यांनी हसण्यासाठी राखली होती. पण जिथे चपला बाहेर काढून यायचं असतं, तिथे पायातला काटा कोणाला दाखवणार?

त्या रात्री जेवताना ताईच्या हातातून पेला निसटला, तेव्हा भावानं तिचा हात नीट पाहिला. डॉक्टरांनी आधाराची पट्टी बांधली आणि सांगितलं की दोन बोटांचा बाक आता जायचा नाही. घरात एकदम धावपळ झाली. इतके दिवस बंद असलेलं मशीन भावानं एका दुपारीत दुरुस्त केलं. वहिनीनं दुकानातून मलम आणलं. ताईचा हात मांडीवर घेऊन ती चोळत बसली आणि रडली.

"मला कळलंच नाही हो, ताई. तुम्ही हसत होतात."

"चुकलं माझं," ताई म्हणाली.

मला ह्या कहाणीतलं काहीही विसरता येईल, मित्रांनो, हे दोन शब्द सोडून. माफी मागत होती ती हसल्याबद्दल!

पट्टी सुटल्यावर ताई पुन्हा कट्ट्यावर आली. मंडळींनी तिच्या गैरहजेरीबद्दल दंड ठोठावला, ती हसली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज जरासा थांबला. सकाळी वहिनीनं कंगवा ताईपुढे ठेवला. "आज बरं वाटतंय ना? तुमचं तुम्ही विंचराल?" ताई विंचरायला लागली आणि कंगवा केसांत अडकून राहिला. दोन दिवस ती गप्प पडून राहिली, तर वहिनीनं आपणहून वेणी घातली, उशी सारखी केली, सूप आणून दिलं. पुन्हा हसली, पुन्हा कंगवा तिच्या हातात. वहिनीच्या मनात पाप नव्हतं. बरं असलेल्या माणसाला बरं समजायचं, एवढाच तिचा साधा हिशेब होता. आणि बरं माणूस कोण, तर जे हसतं ते.

ताईनं आयुष्यभर दुसऱ्यांचे मसुदे वाचले होते, हा तिला पटकन वाचता आला. ह्या घरात आजारी राहायचं असेल तर आजारी दिसायला हवं. हात तर दुखतच होता, कण्हायला काही नाटक करावं लागत नव्हतं. नाटक तेवढं न हसण्याचं.

एके दिवशी ती भावाला म्हणाली, "हे काढून ठेव रे. मला नाही जमत आता." कट्ट्याचा निरोप घ्यायला तिनं "मंडळी" असं लिहिलं होतं. तेही खोडलं. काय सांगणार होती? की घरच्यांना माझं हसणं परवडत नाही? कॉम्प्युटर कोणाला तरी देऊन टाकला. पोस्टमन अजून तिचा पत्ता विचारत असतील किंवा टकटकताई रुसली म्हणून सोडूनही दिलं असेल. मला कळायला मार्ग नाही.

मला मात्र तिनं जाऊ दिलं नाही. "हा राहू दे. हात टेकायला बरा वाटतो," म्हणाली. वहिनीनं मला स्वच्छ पुसलं, माझी वायर गुंडाळली आणि ताईच्या उशाशी ठेवलं.

आता दुपारी सगळे बाहेर असले की ताई मला मांडीवर घेते. पुढे पडदा नाही, वायर भिंतीपर्यंत पोचत नाही. तिची वाकडी बोटं माझ्यावर सावकाश फिरतात. काल तिनं लिहिलं, "आज मी समोरची इमारत उचलून जरा डावीकडे सरकवली. ऊन येत नव्हतं." लिहून झाल्यावर ती थांबली. पोस्टमनांचं उत्तर यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढी थांबली. तिचे ओठ हलायला लागले होते. तेवढ्यात दाराच्या कुलुपात किल्ली फिरली. ताईनं मला बाजूला ठेवलं आणि चेहरा उतरवला.

"फार दुखतंय का, ताई?" वहिनीनं आत येत मायेनं विचारलं.

"हो गं," ताई म्हणाली. ते खरंच होतं.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू विनवणी करते की आम्हाला जपा, धूळ पुसा, फेकू नका. माझं तसलं काही मागणं नाही. माझी धूळ रोज पुसली जाते. एवढंच सांगतो, तुमच्या घरात कोणी दुखणाईत माणूस एखाद्या दिवशी पोट धरून हसलं, तर त्याचं दुखणं गेलं असं समजू नका. त्याच्या शेजारी बसा, काय झालं ते विचारा, तुम्हीही हसा. आणि मग उठून कपडे तुम्हीच पिळा.