नगरभूषणाची खुर्ची

महापालिकेच्या काउंटरवर नोलीन टकर ताटकळत उभी होती आणि तिथली कारकून जनीन काही केल्या तिचं नाव लिहून घेत नव्हती.

"मिसेस टी, सभेत माइकवर बोलायची यादी साध्या नागरिकांसाठी असते. तुम्ही आता नगरभूषण! तुमची खुर्ची वर, महापौरांशेजारी. तिथे बसायचं असतं, बोलायचं नसतं."

"मग मी बोलू कुठून?"

जनीनने ओशाळून यादी फाइलीत सरकवली. तीही कधीकाळी नोलीनचा हात धरूनच शाळेत गेली होती.

मिल रोडच्या शाळेपुढच्या क्रॉसिंगवर नोलीन एकतीस वर्षं पिवळा डगला घालून, पोरांना रस्ता ओलांडून देत उभी राहिली. उसाचे ट्रक नुसता तळहात दाखवून थांबवले, एकाही पोराला खरचटू दिलं नाही. पोरांसाठी टकरबाई झाल्या 'मिसेस टी'. निवृत्त झाल्यावर महापालिकेने तिला किताब दिला, निळ्या फितीचं पदक दिलं, पितळी पट्टीची खुर्ची दिली. खोटं कशाला बोला, बाई हुरळून गेली! टपालपेटीवरसुद्धा तिने 'नगरभूषण' रंगवून घेतलं.

आणि आता नव्या मॉलच्या मालाच्या ट्रकांना वाट हवी म्हणून तेच क्रॉसिंग पुसायचं घाटत होतं. बुधवारी सायंकाळी सभेत त्यावर मतदान. वर मॉलच्या पत्रकावर ठळक छापलेलं: 'नगरभूषण नोलीन टकर यांच्या हस्ते उद्घाटन.' तिला विचारलं कुणी? कुणीही नाही!

ती महापौर पेंडरगास्ट यांच्याकडे गेली. त्यांनी स्वतः उठून दार उघडलं, चहा मागवला.

"नोलीन, गल्लीतल्या भांडणात तुम्ही पडणं शोभतं का? आणि नियम ठाऊक आहे ना? किताबवाला पालिकेविरुद्ध जाहीर बोलला, तर किताब काढून घ्यावा लागतो. पेपरात येतं हो ते."

इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर गावभर नाचक्की, गप्प बसावं तर पोरांचा जीव. दोन दिवस ती पदक हातात घेऊन घरात फेऱ्या मारत राहिली.

बुधवारी सकाळी शेजारची म्हातारी चेट्टा गरम पास्तित्सींची, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्यांची, बशी घेऊन कुंपणाशी आली. माल्टाहून आलेली, जिभेला हाड नसलेली बाई. तिची पणती त्याच क्रॉसिंगवरून शाळेत जायची.

"काय गं, बोलणार ना आज?"

"कशी बोलू? किताब काढून घेतील. लोक काय म्हणतील?"

"अगं, मान दिला म्हणतेस, मला तर मखरात बसवलेली दिसतेस! ट्रक थांबवायचीस तेव्हा छातीवर पदक होतं का?"

"नव्हतं."

"मग थांबले कसे? आणि ते काढून घेईपर्यंत वाट कशाला बघतेस? तूच देऊन ये की!"

नोलीनच्या मनात आलं, इतकं सोपं होतं? आणि आपण दोन दिवस त्या फितीला कवटाळून बसलो!

बाराला यादी बंद व्हायची. दहा मिनिटं आधी तिने पदक काउंटरवर ठेवलं.

"हे परत घे आणि माझं नाव लिही."

जनीनने पेन उचललं. "किताब काय लिहू?"

"काही नाही. राहणार मिल रोड."

सायंकाळी वरची पितळी पट्टीची खुर्ची रिकामी राहिली. नोलीन खाली, रांगेत, सगळ्यांसारखी. माइकवर तिने वेगाने येणाऱ्या ट्रकांची हकिगत सांगितली, पोरांची नावं सांगितली. बोलायची तीन मिनिटं संपली, लाल दिवा लागला. महापौरांचा हात घंटीकडे गेला.

नोलीनने सवयीने तळहात वर केला.

महापौर थांबले! दुसरीत असताना याच तळहाताकडे बघत तेही रस्त्याकडेला थांबत असत. त्यांनी हात मागे घेतला.

"बोला, मिसेस टी," ते हळूच म्हणाले.

त्या रात्री क्रॉसिंग दोन मतांनी वाचलं. त्यातलं एक महापौरांचं होतं.

मंडळी, सन्मान जरूर द्या, जरूर घ्या. पण ज्या किताबाने तोंडाला कुलूप लागतं तो सन्मान नव्हे, लाच आहे. आणि ती परत करायला कुणाची परवानगी लागत नाही. नोलीनच्या टपालपेटीवर आता नुसतं 'टकर' आहे. पोरं मात्र तिला अजून मिसेस टीच म्हणतात, आणि ते नाव काढून घेण्याचा नियम कुठल्याच पालिकेत नाही.