मोडीचा भाव

राधाकृष्णअण्णांनी केबलचा तुकडा उसाच्या कांडीसारखा दाढेखाली धरला आणि वृषालीचा जीव टांगणीला लागला.

"अण्णा, चावू नका. आत काच आहे."

अण्णांनी तुकडा काढून धोतराला पुसला. साखर कारखान्याचे अध्यक्ष म्हणून खरेदीआधी त्यांनी बरंच काही चावून पाहिलं होतं. ऊस, बियाणं, एकदा तर पंपाचा वायसर.

"काच? मंग तांबं किती हाय ह्यात?"

"तांबं अजिबात नाही. यातून उजेड जातो. काट्यावर उसाच्या गाडीचं वजन झालं की आकडा त्या उजेडाबरोबर थेट माझ्या कॉम्प्युटरवर."

"उजेडाचे येवढे पैशे?"

कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग वृषालीकडे होता. वजनकाट्यापासून कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत तांब्याची केबल दोनदा टाकून झाली होती आणि दोनदा चोरीला गेली होती. काट्यावरचे कारकून पुन्हा हाताने पावत्या लिहीत होते, आणि त्यातच खुशीत होते. अठ्ठ्याण्णवचा हंगाम तोंडावर आला होता. आता तिसऱ्यांदा केबल गेली तर कॉम्प्युटर गोदामात आणि तुमी श्रीरामपूरला आपल्या घरी, असं अण्णांनी तिला सांगूनच टाकलं होतं. तिला घरी जायचं नव्हतं. संचालकसुद्धा चपला बाहेर काढून आत येत, ती गार खोली तिने स्वतः उभी केली होती.

टेबलापलीकडे गहिनीनाथ ताठ बसले होते. फौजेतून निवृत्त झालेले, आता कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. शिपायाने चहा ठेवला होता तो त्यांना वगळून. ते चहा घेत नाहीत, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. फौजेत सवय मोडली, असं ते सांगत.

"काच ती काच, अण्णा," ते म्हणाले. "बैलाचा खूर पडला की संपलं. तांबंच घ्या. मी पहाऱ्याला दोन माणसं जास्त लावतो."

"मागल्या टायमालाबी लावली हुती की."

"चोर लई हुशार आहेत, अण्णा."

अण्णांनी टोपी चढवली. कुठलीही वस्तू घेताना तिची मोड काय येईल ते आधी विचारायचं, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. ट्रॅक्टर असो नाहीतर मुलाची मोटारसायकल, त्यातून काहीच सुटलं नव्हतं. अण्णा नातवाचा पाळणा घेतानाही मोडीचा भाव काढतील, असं गावात म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

"चला दोघंबी, कानिफनाथकडं," ते म्हणाले.

कानिफनाथचं भंगाराचं दुकान कोपरगाव रस्त्याला होतं. जीपमध्ये वृषालीने दोन्ही केबलींचे नमुने मांडीवर धरले होते आणि मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली होती. काचेला भंगारात कोण विचारतो!

कानिफनाथने आधी तांब्याची केबल ब्लेडने सोलली. आतलं लाल तांबं पाहून त्याने नुसती मान डोलावली.

"ही किती बी आना."

मग त्याने काचेची सोलली, काडी लावून जाळली, वास घेतला आणि लांब फेकली.

"ही कोन घेनार, अण्णा? निस्ता धूर. फुकट दिली तरी ठिवायला जागा न्हाई."

गहिनीनाथांची कळी खुलली.

"ऐकलंत? मोड शून्य."

वृषाली रडायच्या बेतात होती, त्याऐवजी तिला राग आला.

"मग चोर तरी ती कोणाला विकेल, अण्णा?"

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. वडिलांचा दंडक त्यांनी जन्मभर पाळला, पण तो उलटा धरून पाहायचं काही त्यांना सुचलं नव्हतं.

"आयला," ते हळूच म्हणाले.

खुद्द अध्यक्ष दुकानात आलेले, तेव्हा पाहुणचार करायलाच हवा. कानिफनाथने शेजारच्या हॉटेलाकडे तोंड करून हाक दिली.

"तीन गोड पाठव रं, आन् एक बिनसाखरेचा."

चहा आला. कानिफनाथने स्वतः कप वाटले आणि बिनसाखरेचा बरोबर गहिनीनाथांच्या हातात दिला. गहिनीनाथांनी फुंकर मारून एक घोट घेतला. दुसऱ्या घोटाला कप ओठाशी गेला आणि तिथेच थांबला.

अण्णांनी आपला चहा बशीत ओतला. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"तुमी चहा घेत न्हाई ना, गहिनीनाथ?"

"डॉक्टरांनी साखर बंद केलीय, अण्णा. साखर कारखान्यात कसं सांगायचं?"

"बराबर हाय. आमाला कसं सांगनार," अण्णांनी बशी फुरकली. "कानिफनाथला सांगितलं."

कानिफनाथ एकाएकी वजनं पुसायला लागला. वृषालीला हसू आवरेना, म्हणून तिने तोंड कपात घातलं.

अण्णा उठले. धोतराचा सोगा सावरून ते तिच्याकडे वळले.

"ताई, काचेचीच मागवा. पहाऱ्याला मानसं नकोत."

"बरं, अण्णा."

"आन् गहिनीनाथ, उद्यापासून सकाळचा चहा माझ्या खोलीत. माझ्यासमोर बसून घ्यायचा, रोज. बिनसाखरेचा सांगून ठिवतो."

गहिनीनाथ कप खाली ठेवू लागले.

"आसूं द्या, संपवा तेवढा," अण्णा जीपकडे जाता जाता म्हणाले. "हितला शेवटचा हाय."