अभ्र्याचा कोपरा

आमच्या घरात चादरीची घडी दोघांनी मिळून घालायची, असा नियम होता. एकट्याने घातलेली घडी बाबांना लांबूनच ओळखू यायची. ते ती मोडायचे आणि मला हाक मारायचे.

त्या रविवारी दुपारी मी आडवी पडून वाचत होते. बाबा गच्चीच्या दारातून म्हणाले, "अहो ग्रंथपालबाई, तुमच्या पुस्तकातल्या त्या गृहस्थाला जरा दम धरायला सांगा. तो काही पळून जात नाही. चादरी वाळल्यात."

मी वाचनालयात नोकरीला लागल्यापासून त्यांनी माझं नाव घेणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. ताणायची, एक झटका द्यायचा, अर्धी करायची, मग एकमेकांकडे चालत यायचं. जवळ आलं की ते माझ्या हातातली टोकं घ्यायचे आणि खाली लोंबणारी कड उचलायला मी वाकायचे. शेवटची घडी मात्र त्यांची. उघडी टोकं आतल्या बाजूला दुमडून वरून तळहात फिरवायचा.

"टोकं बाहेर राहिली ना, की चादर शर्ट न खोचता लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी दिसते."

"आठवडाभर चादरींच्या ढिगात असता. रविवारी तरी कंटाळा येत नाही?"

"तिकडे समोर मशीन असतं. मशीन उलट बोलत नाही, मजा येत नाही."

मग आम्ही चहा प्यायलो. त्यांनी माझ्या सोमवारच्या शर्टाची कॉलर इस्त्री केली, कारण मी केलेली त्यांना पटायची नाही. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात विचारलं, "काय, कसं काय?" आणि बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, "एकदम झकास!"

यापलीकडे त्या दिवसात काही नव्हतं. मी पुष्कळदा शोधून पाहिलं आहे.

बाबा एका मोठ्या धुलाई कारखान्यात होते. इस्पितळांचे, वसतिगृहांचे कपडे तिथे धुवायला यायचे. बाबा वाफेच्या इस्त्रीवर, आणि नव्या माणसांना घड्या शिकवायचं कामही त्यांच्याकडेच. सगळे त्यांना झकासराव म्हणत. ते उत्तर त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की पगार लांबला तरी झकास आणि दाढ काढून आले तरी झकास, फक्त त्या दिवशी उच्चार जरा बोबडा. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. स्मशानातून परत येताना कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, तेव्हाही त्यांनी तेच उत्तर दिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली. आम्ही दोघं बरे आहोत, हे तेव्हाच ठरून गेलं. त्यानंतर मलाही कोणी विचारलं, की माझ्याकडे उत्तर तयार असायचं. त्यांच्यासारखा ठसका मला कधी जमला नाही. मी "ठीक" म्हणायचे.

सोमवारी सकाळी इस्त्रीच्या मशीनकडे जाणाऱ्या वाफेच्या पाइपाचा सांधा सुटला. तो बरेच दिवस गळत होता. त्यावर फडकं गुंडाळून ठेवलं होतं आणि दुरुस्तीवाला येणार येणार म्हणत होते. मी लहान असताना बाबांनी मला सांगितलं होतं, की वाफ दिसत नाही. पांढरी दिसते ती निवत आलेली. खरी वाफ पाइपाच्या तोंडाशी असते आणि तिथे नुसती हवा असल्यासारखं वाटतं. त्या हवेकडे त्यांची पाठ होती.

पाठ, मान, डावा खांदा आणि तो हात कोपराच्या खालपर्यंत.

इस्पितळात मला आत सोडलं तेव्हा ते पालथे होते. उजव्या हाताने चादरीची कड चाचपत होते. कडेला लाल दोऱ्याची खूण होती.

"आपल्याकडचीच आहे," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "पण घडी रात्रपाळीची. बघ, कशी चुरगळलीय. मी नसलो की हे असं."

"बाबा, खूप दुखतंय का?"

"झकास आहे गं. पोटावर झोपायची सवय नाही, एवढंच."

तिथल्या नर्सकडे एक पुठ्ठा होता. त्यावर ओळीने चेहरे काढलेले, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी बोट ठेवायचं. बाबांना बोलता येत होतं, तरी तिने तो पुढे धरला. बाबांनी पहिल्या, हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"नीट सांगा हं, काका."

"नीटच सांगतोय. याचं नाक माझ्यासारखं आहे."

नर्स हसली. बाबांना माणसं हसवता यायची. पाठीवरची सगळी कातडी गेलेली असतानाही यायची, आणि हीच आमची पंचाईत झाली.

मांडीवरची त्वचा काढून पाठीवर लावली. काही महिन्यांनी घरी पाठवलं. मग दर आठवड्याला पट्टी बदलायला इस्पितळाच्या खालच्या मजल्यावर जायचं. आत नातेवाइकांना सोडत नसत. मी बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसायचे आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचे. पट्टी बदलणारा माणूस घाईत असायचा, रांग मोठी असायची. बाबा बाहेर यायचे ते घामाने निथळत, पण चेहऱ्यावर हसू.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, काका, तुम्ही आलात की बरं वाटतं. बाकीचे फार ओरडतात."

एका आठवड्यात त्यांना ताप भरला. दोन दिवस त्यांनी तो सर्दीचा म्हणून चालवला. तिसऱ्या दिवशी त्यांना मी कोण ते ओळखू येईना. इस्पितळात पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, रक्तात जंतू पसरलेत. त्याच संध्याकाळी बाबा गेले.

मी भरपाईचा दावा लावला, तेव्हा कारखान्याने अपघात नाकारला नाही. नाकारता येण्यासारखा नव्हताच. ते एवढंच म्हणाले, की जखम भरून आली होती. माणूस गेला तो नंतरच्या कुठल्यातरी तापाने, आणि त्या तापाचा आमच्या पाइपाशी संबंध नाही. पुराव्याला त्यांच्याकडे बाबाच होते. दर आठवड्याच्या नोंदीत लिहिलं होतं: जखम कोरडी, रुग्णाची तक्रार नाही. एका ठिकाणी पट्टी बदलणाऱ्याने गमतीने बाबांचा शब्दच लिहून ठेवला होता.

माझ्या वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या माझ्याहून थोड्याच मोठ्या होत्या आणि त्यांच्या खोलीतला पंखा बोलताना बंद करावा लागायचा, इतका आवाज करायचा.

"मला एक माणूस आणून द्या," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत त्यांना दुखत होतं, हे स्वतः ऐकलेला एक माणूस. जखम आतून भरलीच नव्हती, हे डॉक्टर सांगू शकतील. पण समोरचा वकील विचारणार, मग हा माणूस बोलला कसा नाही?"

"ते बोलायचेच नाहीत."

"तुमच्याशीसुद्धा?"

"माझ्याशी तर नाहीच."

"अहो, पण एखादा उसासा, विव्हळणं, काहीतरी?"

मी खूप आठवून पाहिलं. ते शिट्टी वाजवायचे. कुशीवर वळताना शिट्टी वाजवायचे. हे मी वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि मग त्यावर हळूच रेघ मारली.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात घडी विभागातल्या मावशी वाचनालयात आल्या. बाबांच्या हाताखाली त्या बरीच वर्षं होत्या. रंगीत चित्रांच्या मासिकाआड तोंड लपवून बसल्या होत्या, कारखान्यातलं कोणी पाहील म्हणून. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे फाटक्या पुस्तकांना आम्ही चिकटपट्टी लावतो.

"बाई गं, तुझ्याकडे तर आमच्यासारखंच काम," त्या म्हणाल्या. "आम्ही अभ्रे शिवतो, तू पुस्तकं."

मी चहा सांगितला. तो येईपर्यंत त्या टेबलावरची दोऱ्याची रिळं नीट लावत राहिल्या.

"पोरी, पट्टीच्या खोलीतले कपडे आमच्याकडे वेगळ्या पिशवीत येतात. रक्ताचे असतात, आधी गार पाण्यात टाकायचे म्हणून. सगळे नुसते कोंबलेले. घाण कपड्याची कोण घडी घालतंय? पण दर आठवड्याला त्यात एक उशीचा अभ्रा यायचा, घडी घातलेला. मी पहिल्यांदा बघितला आणि म्हटलं, अगं बाई, हे कोण शहाणं? आणि उलगडला, तर टोकं आत."

त्यांनी हातातलं रीळ टेबलावर ठेवलं.

"आमच्या झकासरावांची घडी. एका हातानं, छातीशी धरून घातलेली. जरा तिरकी. पण तीच."

मी म्हटलं, "त्यांना राहवलं नसेल. सवय."

"मलाही तसंच वाटलं. म्हटलं, मेला मरताना पण घड्या घालणार." त्यांनी जीभ चावली. "चुकले गं."

"असू दे, मावशी. तेही हसले असते."

"मग अभ्रा पाण्यात टाकायला झटकला तर एक कोपरा हातात आला. चावलेला. दातांनी पार चोथा केलेला, दोरे लोंबत होते. दर आठवड्याला तसाच. तो कोपरा सगळ्यात आत दुमडलेला असायचा. कुणाला दिसू नये म्हणून."

चहा आला. तो देणारा गेल्यावर मी दार लोटून घेतलं.

"शेवटचा कधी आला?"

"ते गेले त्याच आठवड्यात. त्याला तर कोपराच नव्हता. तोंडात राहिला असेल, नाहीतर गिळला असेल."

मी विचारलं, "ते अभ्रे कुठे आहेत?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले होते. "शिवले. फाटका अभ्रा परत पाठवता येतो होय? ठिगळ लावलं, धुतला, इस्त्री केली, पाठवला. कोणीतरी डोकं ठेवून झोपलं असेल त्याच्यावर."

"तुम्ही हे न्यायालयात सांगाल?"

त्यांनी कप खाली ठेवला. बशीवर तो वाजला.

"माझी सून तिथंच लागलीय गं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलंय. उघड नाही, आपलं असंच, हसत हसत." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा गरम आणि गुळगुळीत होता, इस्त्रीवाल्यांचा असतो तसा. बाबांचाही तसाच होता. "तुला कळावं म्हणून आले. एवढंच माझ्या हातात होतं."

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वस्तू नाही. पाहणारी बाई येणार नाही. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकीव धरतील. मी प्रयत्न करीन, पण..."

"पण?"

"ते तुम्हाला तुम्ही स्वतः काय ऐकलंत तेच विचारतील. आणि तुम्ही खोटं बोलू नका. तुम्हाला जमणार नाही."

न्यायालयाची खोली वाटली होती त्याहून लहान होती. एका कोपऱ्यात तुटक्या खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या. न्यायाधीश वयस्कर होते आणि त्यांना खोकला झाला होता. कारखान्याचे वकील अतिशय सभ्य होते. बाबांबद्दल त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं, तेही मनापासून केल्यासारखं.

मी अभ्र्याबद्दल सांगायला सुरुवात केली, तेव्हा ते तितक्याच सभ्यपणे उठले. "हे आपण स्वतः पाहिलंत?"

"नाही."

"ज्यांनी पाहिलं, त्या इथे आहेत?"

"नाही."

न्यायाधीशांनी मान हलवली. टंकलेखन करणाऱ्या मुलीने हात कळफलकावरून उचलले. तेवढी ओळ लिहिलीच गेली नाही.

"वडील घरी आल्यापासून आपण रोज त्यांच्यासोबत होतात?"

"हो."

"दुखतंय, असं ते एकदा तरी आपल्याला म्हणाले?"

मागच्या बाकावर वकीलबाईंची पेन्सिल थांबलेली मला ऐकू आली. बाबांची तिरकी घडी माझ्या डोळ्यांपुढे होती. एका हाताने, छातीशी धरून. आता तिचं दुसरं टोक धरायला तिथे कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"मग काय म्हणायचे?"

"झकास."

मागे कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाबांना ते आवडलं असतं.

"म्हणजे ते आपल्याशी खोटं बोलत होते, असं आपलं म्हणणं आहे का?"

आयुष्यभर मी पुस्तकांत राहिले, आणि तिथे एकही वाक्य मिळेना. हो म्हटलं तर बाबा खोटे ठरत होते. नाही म्हटलं तर ते बरे होऊन मेले होते.

"दुसरं काही विचारायचं नाही," वकील म्हणाले आणि बसले.

न्यायाधीश खोकले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून, कामकाजाबाहेरच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, ठीक आहात ना? पाणी मागवू?"

माझी मान हलायला लागली होती. तो शब्द ओठांवर येऊन बसला होता, स्मशानाच्या वाटेवर बसला तसाच.

"नाही," मी म्हणाले. "मी ठीक नाही."

टंकलेखन करणारी मुलगी माझ्याकडे बघू लागली. तिचे हात मांडीवर होते. हे लिहायचं असतं की नाही, ते तिला कळत नसावं.

"मला दुखतंय," मी म्हणाले.