प्रसाद उजव्या हाताने

युनियनच्या मतदानाच्या आदल्या दिवशी मोरेश्वरकाकांनी फॅक्टरीत सत्यनारायण घातला, तेव्हाच माझं डोकं सणकलं. तुमच्या भांडणात देवाला कशाला ओढता? पण काका ते काकाच. टेक्सासमधल्या अर्विंगच्या या फ्रोझन पोळ्यांच्या फॅक्टरीचे ते मालक, पण मालक म्हटलेलं त्यांना चालत नाही. ‘काका म्हणा, आपण सगळे एका घरचे,’ असं ते प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगतात. नवऱ्याची आयटीतली नोकरी गेली आणि मी इथे लागले, तेव्हा हे ऐकून माझे डोळे भरून आले होते. परक्या देशात कुणीतरी आपलं भेटलं, असं वाटलं होतं. मूर्ख होते मी.

या घरात बाथरूमला जायचं तर गिरीशला विचारावं लागतं. गिरीश हा काकांचा भाचा आणि आमचा सुपरवायझर. आम्ही सगळ्या संसार केलेल्या बायका, कुणाला नातवंडं झालेली, आणि या पोरासमोर करंगळी दाखवून उभं राहायचं. ‘मावशी, आत्ताच तर जाऊन आलात ना?’ असं तो हसत हसत विचारतो. मावशी म्हणतो बरं का! आदराला काही कमी नाही.

आणि याच घरात रत्नाचा हात भाजला.

कणकेचा गोळा तापलेल्या दोन पत्र्यांमध्ये दाबून पोळी करणारं मशीन आहे आमच्याकडे. हात आत जाऊ नये म्हणून त्याला पुढे जाळी असते. जाळीमुळे लाइन स्लो होते म्हणून गिरीशने ती काढून ठेवली होती. रत्ना चिकटलेला गोळा सोडवायला गेली आणि वरचा पत्रा तिच्या उजव्या हातावर आला. ती किंचाळली तशी माझ्या हातातली परात पडली. गिरीशने काय करावं? हळद लावली, वर टूथपेस्ट फासली, आणि म्हणाला, ‘डॉक्टरकडे गेलात तर घरी भाजलं म्हणून सांगा हं. उगाच काकांच्या डोक्याला ताप नको.’ शेवटी मीच तिला गाडीत घालून इमर्जन्सीत नेलं. काका आले नाहीत. त्यांचा फोन आला तो मला, तोही लाइन सोडून गेल्याबद्दल.

तळहाताची कातडी गेली, दोन बोटं अजून वळत नाहीत. रत्ना आता डाव्या हाताने पाकिटांवर लेबलं चिकटवते.

युनियनची गोष्ट काढली ती तिनेच. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे येण्याआधी ती कॅनडात, ब्रॅम्प्टनला, एका बेकरीत कामाला होती. तिथे युनियन होती. जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये माझ्या गाडीत बसून ती आम्हाला सांगायची.

“तिकडे मशीनची जाळी निघाली ना, की आम्ही मशीनच बंद करायचो. सुपरवायझर नुसता बघत राहायचा,” ती म्हणाली.

“आणि काढून टाकलं तर?” सुवर्णामावशींनी विचारलं. सुवर्णामावशी आमच्यात सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात देवभोळ्या. अर्धी लाइन त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवते, म्हणून त्यांचं मत फार महत्त्वाचं होतं.

“असं कसं काढतील? युनियनने आमचा एक क्लास घेतला होता, त्यात सगळी हिस्ट्री सांगितली. टोरंटोत पूर्वी छापखान्यातल्या माणसांनी संप केला. का, तर दिवसाला नऊच तास काम करू म्हणून. हजारो माणसं रस्त्यावर आली. मग पोलिसांनी त्यांच्या पुढाऱ्यांना पकडलं. तेव्हा युनियन करणं हाच क्राइम होता तिकडे.”

“अगं बाई! मग?”

“मग काय, कायदाच चेंज करावा लागला सरकारला. तिकडे ओंटारियो प्रांतात आज ज्या सुट्ट्या नि जे नियम आहेत ना मावशी, ते कुठल्या काकांनी प्रेमाने दिलेले नाहीत. अशाच कुणीतरी भांडून घेतलेत.”

सुवर्णामावशींनी डबा बंद केला. मग म्हणाल्या, “पण काकांचं अन्न खातो गं आपण.” मला असा राग आला! म्हटलं, “मावशी, आपण करतो त्या पोळ्यांवर काका जगतात. कोण कुणाचं अन्न खातं?” त्या दुखावल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मतदान सरकार घेणार होतं, गुप्त. गिरीश मात्र उघड सांगत फिरत होता, की युनियन आली तर पहिली रत्ना जाणार, कारण एका हाताच्या बाईला ठेवून करायचं काय. रत्नाचा नवरा डायलिसिसवर आणि इन्शुरन्स तिच्या नोकरीवर. हे गिरीशला पक्कं ठाऊक होतं.

तर अशात सत्यनारायण. पॅकिंग हॉलमध्ये केळीचे खांब, चौरंग, साजूक तुपाचा घमघमाट. काका सोवळं नेसून पूजेला बसले होते. गुरुजी पोथी वाचत होते. कलावती प्रसाद न घेता धावत गेली आणि तिच्या नवऱ्याची नाव बुडाली, हे आलं तसा काकांनी हात वर करून गुरुजींना थांबवलं. “गुरुजी, हे परत एकदा वाचा,” ते म्हणाले, आणि वळून आमच्याकडे बघितलं. गुरुजींनी मुकाट्याने परत वाचलं. माझ्या शेजारी सुवर्णामावशींनी डोळे मिटून कानाच्या पाळ्यांना हात लावला.

आरती झाल्यावर काका उभे राहिले. “उद्या बाहेरची माणसं येणार आहेत, आपल्या घरात भिंत घालायला. मी कुणाला काही सांगणार नाही. फक्त देवासमोर एक करा. प्रसाद घेताना प्रत्येकीने म्हणायचं, ‘काका, मी घरातली आहे.’ बस. एवढंच.”

एवढंच! देवासमोर शब्द घ्यायचा आणि उद्या तो मोडायचा, हे आमच्यातल्या किती जणींना जमलं असतं? प्रसाद नाकारणं तर त्याहून अशक्य. माणसाने बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. एकेक बाई पुढे जाऊ लागली, हात पुढे करू लागली, खाली मान घालून पुटपुटू लागली. गिरीश बाजूला उभा राहून कुठली किती मोठ्याने म्हणते ते ऐकत होता. मला त्या शिऱ्याचं पातेलं उचलून भिरकावून द्यावंसं वाटलं. पण देवाच्या प्रसादाला पाय लागला असता, म्हणून नुसती दात-ओठ खात उभी राहिले. मीसुद्धा त्यांच्याच सापळ्यात!

मग रत्नाची पाळी आली. तिच्या मागे सुवर्णामावशी आणि त्यांच्या मागे मी. रत्नाने हात पुढे केला. डावा.

काकांच्या पळीतला शिरा वरच्या वर थांबला.

“रत्ना, प्रसाद डाव्या हाताने घेतात का?” ते म्हणाले. चिडून नव्हे, अगदी घरातल्या मोठ्या माणसाने लहान मुलाला शिकवावं तसं. “उजवा हात कर. एवढं तरी वळण हवं ना.”

 काकांना आठवलंच नव्हतं. महिना झाला, बाई समोरून बँडेज बांधून रोज येते-जाते, आणि या घरच्या कर्त्या पुरुषाच्या तिचा हात लक्षातच नाही! गिरीशने पुढे होऊन त्यांच्या कानाशी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण रत्नाने तोवर पदरामागचा उजवा हात बाहेर काढला होता. पांढऱ्या बँडेजमधून न वळणारी दोन बोटं ताठ बाहेर आलेली.

“यावर घाला,” ती म्हणाली.

काकांच्या हातातली पळी हलेना. आणि मग जन्मात कधी आवाज न चढवलेल्या सुवर्णामावशी बोलल्या.

“तो तुमच्या मशीनवर भाजलाय, काका. जाळी काढली होती. आणि आम्हाला काय सांगायला लावलंत? घरी भाजलं म्हणून.” त्यांनी हॉलभर हात फिरवला. “कुठल्या घरी हो? ह्या?”

“सुवर्णाताई, देवासमोर असं...”

“देवासमोरच बोलतेय. खोटं तुम्ही बोलायला लावलंत.” त्यांनी सरळ पुढे होऊन काकांच्या हातातली पळी काढून घेतली, शिऱ्याचा घास आपल्या हातावर घेतला आणि रत्नाला भरवला. मग आम्हा उरलेल्या सगळ्यांना त्यांनीच प्रसाद वाटला. एकीनेही काही म्हटलं नाही. गुरुजी पोथी बांधण्यात गुंतल्यासारखं करत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत मतदान झालं. दुपारी सरकारी बाईंनी पेटी उघडली आणि एकेक चिठ्ठी उलगडून मोठ्याने वाचायला लागल्या. येस, येस, नो, येस. काका आलेच नाहीत, त्यांचा वकील आला होता. गिरीश भिंतीला टेकून नखं खात होता. युनियन आली हे कळायला शेवटपर्यंत थांबावंही लागलं नाही. रत्नाने तोंडावर हात घेतला होता आणि मी रडत होते. आनंदाने असेल, पण त्याहून जास्त रागाने. एवढ्यासाठी एका बाईला हात भाजून घ्यावा लागतो?

ढिगातली एक चिठ्ठी वाचताना बाई अडखळल्या. ‘येस’च्या चौकोनात फुली धड बसली नव्हती. एक रेघ चौकोनाबाहेर पार कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेली होती. वकील चटकन म्हणाला, ही बाद करा, मार्क क्लिअर नाही. बाई म्हणाल्या, बाजूला ठेवू या, एका मताने आता काही फरक पडत नाही.

मतं गुप्त असतात म्हणे. पण डाव्या हाताची ती फुली कुणाची हे खोलीतल्या प्रत्येकीला कळलं.

“काउंट करा,” सुवर्णामावशी उठून उभ्या राहिल्या. सरकारी बाईंना मराठी येत नव्हतं, त्याची त्यांना पर्वा नव्हती. “तिचं मत आहे ते. फरक पडो न पडो. मोजा!”

मी उठले. मागच्या बाकावरच्या उठल्या. काल ज्यांनी ‘मी घरातली आहे’ म्हटलं होतं त्याही उठल्या. “मोजा,” आम्ही सगळ्या म्हणू लागलो. बाईंनी आमच्याकडे बघितलं, मग ती चिठ्ठी परत उचलून दिव्याखाली धरली आणि नीट पाहिली.

“येस,” त्या म्हणाल्या, आणि ती बाकीच्यांवर ठेवली.