अकरा सेकंदांचा वाढपी

पडदा बांधायच्या आधी केरबा भिंत शोधायचा. शाळेची, चावडीची, सोसायटीच्या गोदामाची, कुठलीही चालायची. पडदा आणि भिंत यांच्यात माणूस शिरायला जागा राहता कामा नये, एवढीच त्याची अट होती. माहिती खात्याच्या फिरत्या सिनेमागाडीवर तो नऊ वर्षं ऑपरेटर होता. आधी उस्मानाबादला, मग नांदेडला आणि ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाल्यावर लातूरला. गाडीचा ड्रायव्हर मलप्पा उदगीरकडचा. तो प्रत्येक गावात कुरकुरायचा.

"अय्यो केरबाभाऊ, दोन बांबू रोवले की काम झालं. तुम्ही तर भिंत अशी बघायलात, जशी मुलगी पसंत करायला आलात."

केरबा कारण सांगत नसे. कारण त्याच्या लहानपणात होतं. औशाजवळच्या त्याच्या गावी सिनेमाची गाडी आली की गाव पडद्यासमोर बसायचं आणि गावकुसाबाहेरच्या त्याच्या वस्तीतली माणसं पडद्यामागं. तिथं बसा असं कुणी सांगत नसे, सांगावंही लागत नसे. कापडातून चित्र आरपार दिसायचं, पण उलटं. डावीकडं जाणारी बैलगाडी उजवीकडं जायची. केरबा शाळेत वाचायला शिकला, तेव्हा पडद्यावरची अक्षरं आपल्याला का लागत नाहीत हे त्याला मास्तरांना विचारावं लागलं होतं. ऑपरेटर झाल्यावर त्यानं ठरवून टाकलं, आपल्या पडद्याला मागची बाजूच ठेवायची नाही.

एकदाच त्याला ते जमलं नव्हतं. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळ दुसऱ्या वर्षात गेला होता आणि केरबाला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. मुरुडच्या पुढं एका तलावाच्या कामावर हजारभर माणूस माती उपसत होतं, खडी फोडत होतं. दुपारी खायला सुकडी वाटायची आणि संध्याकाळी माणसांनी गावाकडं पळू नये म्हणून सिनेमा दाखवायचा, असा हुकूम होता. दोन कोसात भिंत नव्हती. केरबानं बांबू रोवले. अंधार पडायला लागला तशी माणसं आपोआप दोन बाजूंना वाटली गेली.

त्या दिवशी लावलेला माहितीपट निजामाच्या राज्यातल्या लढ्यावरचा होता. जळणारी गावं, हद्द ओलांडणाऱ्या गाड्यांची रांग, रझाकारांची कवायत, शेवटी हिंदी फौजेचे रणगाडे. मध्ये निजामाशी लढणाऱ्यांच्या हद्दीपलीकडच्या एका कॅम्पाचं दृश्य होतं, अकरा सेकंदांचं. चुलवणावर मोठा हंडा, त्याच्यापाशी उभा एक सडपातळ पोरगेला गडी, आणि समोर थाळ्या धरलेले हातच हात. गडी पळीनं आमटी वाढतो, धुरानं डोळे चोळतो, एकदा हसतो. की लगेच पुढचं दृश्य.

पडद्यामागून किंकाळी आली. केसांत खडीची भुकटी असलेली एक बाई धावत मशीनपाशी आली.

"थांबव! थांबव त्याला तिथंच!"

"थांबवता येत न्हाई, मावशी. थांबवलं की दिव्याच्या आचेनं फिल्म जळते."

"मग परत लाव."

समोरची माणसं ओरडत होती, तरी केरबानं रीळ मागं घेतलं. बाई पळत आपल्या जागी गेली. अकरा सेकंद झाले. पुन्हा आली. तिनं तिसऱ्यांदा मागितलं नाही. मशीनशेजारी जमिनीवर बसली आणि सांगत राहिली.

तिचं नाव कोंडाबाई. अठ्ठेचाळीस साली तिचा नवरा ज्ञानोबा बार्शीच्या हद्दीवरच्या कॅम्पात जातो म्हणून निघाला तो गेलाच. कॅम्पातून आलेल्यांना तिनं विचारलं. कुणी हो म्हणालं, कुणी नाही. गावानं मात्र निकाल लावला होता, ज्ञानोबा कॅम्पात गेलाच नाही, सोलापूरच्या गिरणीत लागला आणि तिथंच दुसरीचा झाला. पंचवीस वर्षं पाणवठ्यावर, शेतात, भांडणात तिला हेच ऐकावं लागलं होतं.

"पोचला होता," ती केरबाला म्हणाली. "तू बी बघितलंस न्हवं? पोचला होता. आन सगळ्या जातीची माणसं त्याच्या हातचं घेत होती."

पुढं केरबानं तो माहितीपट किती गावांत दाखवला याची मोजदाद नाही. पण प्रत्येक वेळी ते अकरा सेकंद आले की तो वाढप्याला मनातल्या मनात ज्ञानोबामामा म्हणायचा.

नव्या जिल्ह्याचा पहिला मुक्तिदिन सतरा सप्टेंबरला होता. माहिती अधिकारी अनंतराव नुकतेच बदलून आलेले. स्वभावानं चांगले, बातमीला हपापलेले. कार्यक्रमात काय वेगळं करता येईल, असं त्यांनी विचारलं, तेव्हा केरबानं कोंडाबाईची गोष्ट सांगितली. अनंतरावांनी हातातला चहा टेबलावर ठेवला.

"अहो, ही नुसती गोष्ट नाही, बातमी आहे! त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची द्या. पडद्यावर यजमान दिसले की त्या बोट दाखवतील, आपण फोटो घेऊ." संध्याकाळपर्यंत त्यांचा मजकूर टाइप होऊन वर्तमानपत्रांकडं गेलाही.

माहितीपटाची प्रत नांदेडच्या कार्यालयात होती. केरबा एसटीनं गेला आणि रिळाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनंच परतला. मग आमंत्रण द्यायला कोंडाबाईच्या गावी गेला. तिचे पुढचे दात पडले होते, पण तिनं त्याला लगेच ओळखलं.

"जयभीम, मावशी. जीप येईल न्यायला. पहिल्या रांगेत खुर्ची हाय तुमची."

"माझी? पुढं?"

"पुढं. कलेक्टरसाहेबांच्या शेजारची दुसरी."

तिनं पदर तोंडाला लावला. मग चुलीपाशी बसून चहा करता करता बोलत राहिली. "धुरात तोंड कुठं धड दिसत होतं, रे. मी हातावरनं वळखलं. डावरा होता न्हवं त्यो. जेवाया बसला की माझी सासू त्याचा डावा हात बांधून ठेवायची, तरी ह्याचा घास डाव्याच हातानं. त्या पडद्यावर बी पळी डाव्या हातात. अख्ख्या मुलखात तसा वाढणारा दुसरा कोण असंल?"

केरबाच्या हातात कप होता. तो त्यानं खाली ठेवला. ते अकरा सेकंद त्यानं समोरून इतक्या वेळा पाहिले होते की डोळे मिटूनही दिसायचे. पळी उजव्या हातात होती.

लातूरला आल्यावर त्यानं डबा उघडला आणि त्या दृश्याची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. मग उलटी करून धरली. एका बाजूनं वाढपी उजवा, दुसऱ्या बाजूनं डावरा. पडद्यावर समोरून दिसायची ती बाजू उजव्याची होती. नऊ वर्षं कोंडाबाई जे सांभाळून होती, ते त्या माळावर भिंत नव्हती म्हणून तिला मिळालं होतं.

मशीनच पडद्यामागं ठेवावं, असंही त्याच्या मनात आलं. मग खुर्च्यांना उलटं चित्र दिसलं असतं. पण सुरुवातीलाच नावं यायची. उलटी अक्षरं वाचून अनंतराव पहिल्या मिनिटाला धावत आले असते.

कार्यक्रम शाळेच्या मैदानात होता. शाळेची लांबलचक भिंत कालच चुन्यानं रंगवली होती. केरबानं मैदानाच्या मध्यावर बांबू रोवले.

मलप्पा बघतच राहिला. "अशी सोन्यासारखी भिंत! आज काय सोयरीक मोडली काय?"

"आज मागं जागा पाहिजे," केरबा म्हणाला.

जीपमधून कोंडाबाई उतरली. पांढरं लुगडं, नव्या निळ्या चपला, हातात पिशवी. केरबा तिला बाजूला घेऊन गेला.

"मावशी, एक सांगू? पुढं उजेड लई लागतो. डोळ्यांना त्रास व्हईल. मागं बसता का? मी सतरंजी टाकतो चांगली."

कोंडाबाईनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "केरबा, तू आपल्यातला हायेस ना?"

"हाव."

"दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी चपलेनं बोलले असते. जन्म मागं बसण्यात गेला माझा. आज पहिल्यांदा खुर्ची आली, तर तू मला मागं न्यायला आलास?"

केरबा बाजूला सरला. ती पहिल्या रांगेत गेली, खुर्चीवर हात फिरवला आणि ताठ बसली.

दिवेलागणीनंतर भाषणं संपली आणि माहितीपट सुरू झाला. जळणारी गावं झाली. गाड्यांची रांग झाली. केरबाचं लक्ष पडद्याकडं नव्हतं, पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या पदराकडं होतं. हंडा आला, थाळ्या आल्या. पदर पुढं झुकला. वाढप्यानं डोळे चोळले, हसला. अनंतराव फोटोवाल्याला खुणावत तिच्याशेजारी वाकले.

"आजी, यजमान कोणते? बोट दाखवा ना."

कोंडाबाईचा हात मांडीवरच राहिला. रणगाडे येऊन गेले, झेंडा आला, रीळ संपलं. दिवे लागले तेव्हा अनंतराव अजून तिथंच उभे होते.

"न्हाई, सायेब," ती म्हणाली. "त्यो गडी उजवा हाय. माझा डावरा होता."

"पण बातमी... म्हणजे, आपण कळवलंय सगळ्यांना."

"आता मी तरी काय करू? त्याच्या उजव्या हातात पळी हाय."

अनंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले, "पाणी आणू का, आजी?" आणि स्वतःच आणायला गेले.

कोंडाबाई उठून मशीनपाशी आली. "फिलम बदलली का, रे?"

"न्हाई, मावशी. तीच हाय."

"मग?"

"तवा तुम्ही मागनं बघितलं होतं. मागनं उलटं दिसतं. उजवा हात डावा व्हतो."

ती आपल्या दोन्ही हातांकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"तुम्ही डावरा म्हणालात, तवा. चहा करत होतात."

"म्हणून मागं बस म्हणत होतास."

"हाव."

"अन् भिंत सोडून मधीच पडदा बांधलात तो बी त्याच्यासाठीच?" शेजारून मलप्पा बोलून गेला आणि जीभ चावली.

खुर्च्यांवरची माणसं उठायला लागली होती. "तू मला सांगायचं होतंस, केरबा," ती म्हणाली. "मी काय पोर हाय? तीस-पस्तीस वर्षं वाट बघितली, त्यात हे एक बी मावलं असतं."

"चुकलं, मावशी."

"चुकलंच." तिनं मशीनच्या गरम डब्याकडं पाहिलं. "हा गडी कोण असंल?"

"म्हाईत न्हाई. नाव न्हाई कुठं लिहिलेलं."

"त्याची बी कुणी असंल. तिला कुणी सांगितलं असंल का, की हा पोचला म्हणून?"

केरबानं मान हलवली. त्यालाही ते माहीत नव्हतं.

"परत लाव," कोंडाबाई म्हणाली.

ती खुर्चीकडं गेली. बसली नाही. एसटीत जागा धरतात तशी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि पाण्याचा पेला घेऊन आलेल्या अनंतरावांना म्हणाली, "ही माझी जागा हाय, सायेब. कुणाला बसू देऊ नका. मी आले."

"कुठं जाताय?"

"मागं. आता माझ्या मर्जीनं."

अनंतराव पेला धरून खुर्चीशेजारी उभे राहिले. उठलेली माणसं पुन्हा बसली. केरबानं रीळ मागं घेतलं आणि मशीन सुरू केलं. पडद्याची खालची कड जमिनीपासून हातभर वर होती. त्या फटीत निळ्या चपला दिसत होत्या. जळत्या गावांच्या वेळी त्या लांब होत्या, गाड्यांच्या रांगेच्या वेळी जवळ आल्या. हंडा आला तेव्हा त्या अगदी पडद्याला लागून थांबल्या.

समोरून पाहणाऱ्याला वाढपी उजव्या हातानं वाढत होता. त्याच्यापुढं थाळ्यांची रांग होती, चित्राच्या अगदी तळाशी. तिथं कापडाला मागून हलकासा फुगवटा आला, बोटांच्या टोकांएवढा. कुणीतरी तळहात पुढं धरला होता. केरबानं दिव्याकडं पाहिलं, रिळाकडं पाहिलं. थांबवता येत नव्हतं. थाळ्यांवर आमटी पडत गेली, वाढपी हसला, आणि अकरा सेकंद झाले.

रणगाडे येईपर्यंत कोंडाबाई पुढं आली होती. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली, अनंतरावांच्या हातातला पेला घेतला आणि सगळं पाणी प्याली. मग शेवटचा झेंडा येईपर्यंत ताठ बसून राहिली.

जीपमध्ये चढताना तिनं केरबाला जवळ बोलावलं. "आमच्या गावाला कधी आणणार हे?"

"तुम्ही म्हणाल तवा. पण मावशी, गावात..."

"गावाला मीच सांगन, हा ज्ञानोबा न्हवं म्हणून. बघू दे तरी. एवढी माणसं पोचली होती तिथं. त्यात एक माझा नसंल कशावरनं?" ती सीटवर नीट बसली, पदर सारखा केला. "अन् पडदा भिंतीलाच बांध. आमच्या तिकडं शाळेची चांगली हाय."