काटा आणि जाईबाई

गॅसची लाईन टाकायला आलेल्या हितेंद्रने दाब दाखवणाऱ्या गेजकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. काटा पुन्हा खाली!

"कोण तो शहाणा? कोणी चावी उघडली?" लालबागच्या त्या चाळीच्या चौकातून तो बोंबलला. वरून चार डोकी डोकावली, "आम्ही नाय बा!" म्हणाली आणि आत गेली.

आता यांना सांगायचं तरी किती? नव्या पाईपात अजून गॅस नाही, नुसती हवा भरलीय. काटा जागच्या जागी राहिला तर पाईप धड, उतरला तर गळतोय. इतकं साधं! पण सकाळपासून काटा मधूनच टुणकन खाली यायचा आणि थांबायचा. गळती अशी विश्रांती घेते का कधी? त्याने प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस फासून पाहिला. एक बुडबुडा येईल तर शपथ! म्हणजे ही माणसांचीच करणी. आज चाचणी बारगळली की पुढची तारीख थेट गणपतीनंतर.

आणि घाई सगळ्यात जास्त तिसऱ्या मजल्यावरच्या जाईबाईंना. एकट्या राहायच्या. मागे त्यांचा सिलिंडर गळत राहिला. शेजारच्या कुशाबाला वास आला म्हणून निभावलं. त्यांच्या मुलाने, अभयने, सिलिंडरच उचलून नेला. "पाईपचा गॅस आला तर राहा इथे, नाहीतर विरारला चल," असं बजावून गेला. बाईंचा सारा जन्म लालबागेत गेलेला. सकाळीच त्यांनी हितेंद्रच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली होती, "आज होऊन जाऊ दे रे झिला."

हितेंद्रने पुन्हा हवा भरली आणि या वेळी पाय न वाजवता जिना चढला. तिसऱ्या मजल्यावर फुस्स असा आवाज आला. पाहतो तर काय, जाईबाई ओट्याशी वाकून पाईपाला कान लावून उभ्या!

"आजी! तुम्ही? अहो, तुमच्याचसाठी मरतोय ना मी इथे?"

"ओरडतोस कशाला मेल्या? चावी बंद आहे की नाय ते बघत होते."

"उघडून?"

"उघडल्याशिवाय बंद कशी करू? बंद केली की कसं, मनाला बरं वाटतं."

हितेंद्रला हसावं की डोकं आपटावं कळेना. "वासावरून कळतं की आजी, गॅस आल्यावर!"

जाईबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "वासच येत नाय रे मला. त्या कोरोनात नाक गेलं ते गेलंच. अभयला नको सांगू. आजच उचलून नेईल."

हितेंद्रचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने खालचा गेज काढून आणला, त्यांच्याच पाईपाच्या तोंडाला बसवला, लाईनचा दाब तिथेच दिसावा म्हणून चावी उघडी ठेवली आणि परत हवा भरली. "आता चावीला हात लावायचा नाही. काट्याकडे बघत बसा."

जाईबाई स्टुलावर बसल्या. पापणी लववेनात. काटा हलला नाही. वेळ भरली, हितेंद्र पाना घेऊन पुढे झाला.

"पास झाली आजी लाईन. उठा, काढतो हा."

त्या उठल्या नाहीत. गेजवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "हा इथेच ठेवून जाशील?"

"नाही हो ठेवता येत," हितेंद्रचा आवाज खाली आला. "पण गळलं की बोंबलणारं यंत्र मिळतं. ते बसल्याशिवाय मी तुमचा गॅस सोडणार नाही. आणि अभयला तुम्हीच सांगायचं."

जाईबाईंनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग फोन लावला.

"अभय, लाईन पास झाली. पण जरा थांब, ठेवू नको. एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवलीय."