मामाचा धवला

“आता सांग, अजून किती गाऊ?” भामाबाईने गाणं मध्येच थांबवून विचारलं.

“दीड तास, आजी. नागपूर सातशे किलोमीटर हाय. मामाचा विमान आत्ताच सुटलाय,” नवरीचा भाऊ हितेश मोबाईलवर बोट ठेवून म्हणाला.

भामाबाई गोंधळली. जासईहून इथे करंजाड्याला यायलाच सकाळी कंटेनरच्या रांगेत तिचा तास मोडला होता. सातशे किलोमीटर दीड तासात बसतात कसे? पण ती पडली धवलारीण, लग्नात धवले गाणारी. तिने हिशोब विचारायचा नसतो, गायचं असतं.

नवरीचे, निशाचे वडील गेल्यापासून तिला मामानेच वाढवलं. त्याने उचलून पाटावर बसवल्याशिवाय हळद लावून घेणार नाही, असं ती ठासून म्हणाली होती. मामाने नवरीला पाटावर बसवलं की धवलारणीने मामाचं कडवं म्हणायचं. साऱ्या धवल्यात भामाबाईचा जीव त्या एका कडव्यात. गेल्या दोन लग्नांत डीजेने तिला तिथवर पोचूच दिलं नव्हतं. आज ते म्हणायचंच, असं ठरवून ती आली होती.

तिने गावदेवीला बोलावलं, मग शेजारच्या गावांचे देव बोलावले. देव संपले तेव्हा निशाच्या आत्या-मावश्यांची नावं ओवली. एका मावशीचं नाव दोनदा आलं, तर दुसरी रुसून बसली. डोक्यावरून विमान गेलं की बाया ओरडत, “आला, आला!” हितेश म्हणे, “हा नाय.”

अखेर तो ओरडला, “उतरला!”

“मंग येत का नाय? इमानतल तर मांडवाच्या मागंच हाय.”

“बॅग यायची हाय, आजी.”

“बॅग काय मागनं चालत येते?”

सातशे किलोमीटर आलेल्या माणसाला हे शेवटचे चार का सरेनात, ते तिला कोणी नीट सांगेना. घसा कोरडा पडला. डीजेवाला म्हणाला, “आजी, आवरा ना.” ती गात राहिली.

आणि भगवानमामा धावतच मांडवात शिरला. त्याने भाचीला उचलून पाटावर बसवलं. दोघंही रडली. भामाबाईने घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि डीजे सुरू झाला. अख्खा मांडव नाचायला उठला.

तिला राग आला. खरं तर रडूच आलं. ती पिशवी उचलून निघाली, तर भगवान गर्दीतून वाट काढत आला आणि तिच्या कानाशी ओरडला, “मावशे, माजा कडवा ऱ्हायला ना?”

“ऱ्हाऊ दे रं. पोराना नाचू दे.”

“नाय. तुमी म्हना.”

तो हात जोडून समोर उभा राहिला. तिने कडवं म्हटलं, सगळं, एकही ओळ न गाळता. शेजारी स्पीकर ढणढणत होता. भगवानला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि ते थांबले तेव्हाच वाकून तिच्या पाया पडला.